नेरुळ, रो-हाउसचं अंगण: वसंतात फुलणारं, पण कचरा कमी करणारं झाड कोणतं?

अंगण_१४बाय१८
नेरुळला रो-हाउस आहे. पुढे १४ बाय १८ फुटांचं अंगण, त्यात निम्म्या जागेत गाडी. उजव्या कोपऱ्यात ड्रेनेजचं चेंबर, डाव्या बाजूला शेजारच्यांची भिंत. फाल्गुन-चैत्रात फुलेल असं एकच झाड लावायचंय. बहावा मनात होता, पण शेंगांबद्दल ऐकून कचरतोय. हायवेच्या कडेचा गुलाबी टॅबेबुयाही आवडतो. शेजारच्या काकूंचं अंगण आरशासारखं असतं, त्यामुळे त्यांच्याकडे पसारा जायला नको. जमीन भरावाची, फूटभर खणलं की मुरूम आणि विटांचे तुकडे. आत्ता एप्रिलमध्येच लावू की पावसापर्यंत थांबू?

पानगळ
पाकळ्या दोन दिवसांत वाळतात, झाडूने निघतात. त्याला मी कचरा धरत नाही. खरा ताप शेंगांचा, चिकाचा आणि अळ्यांचा. बहाव्याच्या शेंगा दीड-दोन फुटी. फुटल्या की आतला काळा चिकट गर फरशीला धरतो. त्यात पावसाळ्यात पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पानं फस्त करतात आणि त्यांची लेंडकं गाडीच्या टपावर. काटेसावरीचा कापूस उन्हाळ्यात थेट काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाईल. पांगारा काटेरी. टॅबेबुया ४०-५० फुटांवर जातो, त्याला रस्त्याची कडाच बरी. चाफा लहान राहतो, पण चीक आहे, आणि पावसाळ्यात पानांखाली तांबेरा रोगाची नारिंगी पूड धरते.

तुमच्या जागेला दोनच नावं: सीताअशोक किंवा ब्लेकियाना कांचन. सीताअशोक सदाहरित, एकदम पानगळ नाही, फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांना बिलगून येतात, आधी पिवळे-केशरी, मग लाल. शेंगा चपट्या आणि थोड्याच. मात्र वाढ सावकाश, आणि दुपारचं कडक ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात. ब्लेकियाना संकरित आणि वांझ आहे, शेंगा धरतच नाही. कलमाचं रोप दोन-तीन वर्षांत फुलतं. पण बहर हिवाळ्यात सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो, आणि फुलं तळहाताएवढी. ओली असताना बॉनेटवर चिकटतात. आधी सांगा, अंगणात ऊन किती वाजेपर्यंत असतं?

कलमवाली_ठाणे
तामणही सुचवलं असतं, राज्यपुष्प आहे, पण ते एप्रिल-मेमध्ये रंगात येतं आणि टणक बोंडं वर्षभर फांदीवर राहतात.

नर्सरीत नुसतं ‘अशोक’ म्हणू नका. हमखास आसोपालव हातात देतात, तो सोसायट्यांच्या कंपाउंडला लावलेला उंच खांबासारखा. फरक पानात आहे. आसोपालवाचं पान एकेकटं, लांब, कडा लाटेसारख्या. सीताअशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी. ती सुकलेली वाटते म्हणून लोक रोप नाकारतात, तीच खरी खूण.

कांचनातही गोंधळ होतो. जांभळा रक्तकांचन पावसाळ्यानंतर फुलतो आणि शेंगा भरपूर धरतो. ब्लेकियाना हवा असेल तर बियांचं रोप घेऊच नका. कलमाची गाठ दिसली पाहिजे, गाठीखालून फुटलेला प्रत्येक फुटवा खुडायचा.

रोप ४-५ फुटांचं पुरे. दहा फुटी रोप लहान पिशवीत असेल तर मुळं तळाशी वेटोळं घालून बसलेली असतात. पिशवी दाबून बघा, दगडासारखी घट्ट लागली तर दुसरं घ्या.

माती_आणि_पहार
लावणी जूनमध्येच, दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर. खड्डा मात्र आत्ता काढून तापू द्या.

भरावाच्या जमिनीत झाड पाण्याअभावी कमी आणि पाणी साचून जास्त मरतं. दाबलेल्या मुरमात दोन फुटी खड्डा काढून त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. आधी खड्डा भरून पाणी सोडा; दुसऱ्या दिवशीही पाणी उभं दिसलं तर तळ पहारीने फोडा, खड्डा खोल न करता ३ फूट रुंद करा आणि माती अंगणापेक्षा ९ इंच उंच भरा. तळाला खडी घालायचा सल्ला मिळेल, घालू नका. माती खडीच्या वरच ओल धरून ठेवते.

विटा-सिमेंटचे तुकडे वेचून टाका. दोन फुटी खड्ड्याला साधारण १२ घमेली लाल माती, ५-६ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. ओलं शेण मुळं जाळतं. रोप बसेल तिथली माती पायाने दाबून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात ३-४ इंच खाली जाईल. बुंधा मुळांपाशी जिथे पसरतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

बांबू दोन, सुतळी आठाच्या आकड्यात सैल बांधायची, वर्षाने काढायची. पालापाचोळ्याचं आच्छादन २-३ इंच, बुंध्यापासून वीतभर लांब. पेव्हर बसवताना ३ बाय ३ फूट माती उघडी ठेवा.

अंगण_१४बाय१८
ऊन दीडपर्यंतच, मग शेजारच्या भिंतीची सावली. पाणी पालिकेचं, मोरबे धरणाचं. बोअर नाही.

पानगळ
मग सीताअशोक. बोअरचं मचूळ पाणी असतं तर नको म्हटलं असतं. चेंबरच्या विरुद्ध बाजूला, भिंतीपासून ८ फूट, वर तार नाही ना ते बघून. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर, बुंध्याभोवती केलेल्या गोल आळ्यात, बुंध्यावर नाही. फुलं जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून दरवर्षी कात्री लावू नका. आणि जागा आत्ताच नीट ठरवा: १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे उद्या स्वतःच्या अंगणातलं झाड काढायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.