‘अफेरीम!’ला मराठीत काय म्हणाल? ‘शाबास’ काही जमत नाहीये

निळी शाई
मंडळी, अडलंय म्हणून धागा काढतेय. आमच्या छोट्या फिल्म ग्रुपसाठी रादू जुदे या रुमानियन दिग्दर्शकाच्या ‘अफेरीम!’ची (२०१५) मराठी सबटायटल्स करतेय. इंग्रजीवरूनच करतेय, रुमानियन मला येत नाही. गोष्ट १८३५ची, वालाकियातली, म्हणजे आजच्या रुमानियाचा दक्षिण भाग. कोस्तांदिन नावाचा शिपाईगडी आणि त्याचा पोरगा योनित्सा घोड्यांवरून एका पळालेल्या रोमा (म्हणजे जिप्सी) गुलामाला पकडायला निघतात. त्या गुलामाचा, कार्फिनचा, गुन्हा काय, तर जमीनदाराच्या बायकोबरोबर सापडला. कृष्णधवल सिनेमा आहे, बाप वाटभर शिव्या, म्हणी आणि उपदेश एकाच दमात देत असतो, आणि शेवट इतका भयानक आहे की मी तो टाईप करताना दोनदा उठून गेले.

शीर्षकाचा शब्द तुर्कीतून आलाय, अर्थ ‘वा, छान केलंस’. मी आपलं ‘शाबास!’ लिहिलं तर नवरा म्हणाला शाळेच्या बक्षीस समारंभाचा सिनेमा वाटतोय. सुचवा काहीतरी, शनिवारी शो आहे.

खडूस आजोबा
दोन ब लाव. ‘शाब्बास!’ आमचे गणिताचे मास्तर उत्तर बरोबर आलं की ‘शाबास’ म्हणायचे आणि चुकलं की ‘शाब्बास!’, आणि त्या दुसऱ्या ब नंतर पट्टी यायची. तुझ्या सिनेमाला तो दुसरा ब पाहिजे.

तळटीप
आजोबा, भारी. पण मुळात मजा अशी आहे की हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फारसी आफरीन, त्याचं तुर्कीत आफेरिन, तिथून रुमानियनमध्ये अफेरीम. ‘आफरीं आफरीं’ गाण्यातला आफरीन. आणि शाबास तरी कुठला, फारसी ‘शाद बाश’, आनंदी राहा. म्हणजे तुम्ही एका फारसी शब्दाच्या जागी दुसरा फारसी शब्द ठेवताय, फक्त एक इस्तंबूलमार्गे गेला आणि एक दख्खनमार्गे आला.

शुद्धमती
मग तर प्रश्नच मिटला, दोन्ही नकोत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. ‘साधु साधु’ किंवा ‘धन्य!’ हे स्वच्छ शब्द असताना आपण कायम उसनवारी का करतो कळत नाही.

खडूस आजोबा
अहो ताई, घोड्यावर बसलेला, कमरेला पिस्तूल खोचलेला, दर वाक्याला आईबहीण काढणारा माणूस ‘साधु साधु’ म्हणणार? कीर्तनाला निघालाय का तो?

तळटीप
शुद्धमतींना खूश करायला एक देतो. आफरीनमधलं ‘फ्री’ म्हणजे संस्कृत ‘प्री’, प्रीती-प्रियमधलं. पारशांच्या अवेस्तात आफ्री, ऋग्वेदात आप्री सूक्तं. एकच धातू.

शुद्धमती
बघा! म्हणजे मूळ आपलंच.

तळटीप
आपलं नाही हो, चुलत. चुलत भावाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागत नाही.

बंदरवाला
रुमानियन शब्दांवरून माझाही एक. मी बोटीवर होतो, रत्नागिरीचा आहे, कॉन्स्टान्त्सा बंदरात गहू भरायला गेलो होतो. धान्य भरायच्या आधी होल्ड, म्हणजे बोटीतलं माल भरायचं कोठार, स्वच्छ आहे की नाही बघायला सर्व्हेअर उतरतो, आम्ही दोन दिवस झाडून धुवून पुसून ठेवलेलं, मी छाती काढून उभा. तो म्हातारा खाली आला, एका फ्रेमच्या मागे बोट फिरवलं, बोटाला गंजाचे पापुद्रे आणि आधीच्या कोळशाची काजळी, ते बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, ‘मुर्दार!’ माझं डोकंच सटकलं, म्हटलं हा मला मुर्दाड म्हणतोय, दोन रात्री झोपलो नाही आणि मुर्दाड? मी मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही. नंतर एजंटने सांगितलं, त्यांच्यात मुर्दार म्हणजे नुसतं घाणेरडं. होल्ड परत धुवायला लागला ते वेगळंच.

आणि तिथे ओझं उचलणाऱ्याला काय म्हणतात? हमाल! शपथेवर सांगतो.

तळटीप
वा काका. तुर्कांच्या हाताखाली शतकं गेली त्यांची, त्यामुळे असे ढीगभर आहेत. बक्षीस तिथे ‘बक्शीश’, पण अर्थ वेटरला द्यायची टीप. मुसाफिर तिथे घरी आलेला पाहुणा. कैफचं ‘केफ’ झालं, म्हणजे मूड, लहर, पार्टीसुद्धा. आणि आपला पैलवान तिथे पोचेपर्यंत डोंबारी आणि पुढे भामटा झाला.

शुद्धमती
यावरून हेच सिद्ध होतं की गुलामगिरीत राहिलेल्या भाषांवर असे डाग पडतात.

बंदरवाला
ताई डाग म्हणा नाहीतर काही म्हणा, हमालाला तुम्ही काय म्हणता घरी? भारवाहक?

निळी शाई
सगळं वाचतेय, मजा येतेय, पण माझा शब्द राहिला की :)

अर्धा कप
मी सिनेमा बघितलाय म्हणून बोलते. ‘शाबास’ची दिशा बघा ना, शाबासकी पाठीवर देतात आणि ती वरूनच खाली येते. मी सासूबाईंना ‘शाबास’ म्हटलं तर काय होईल कल्पना करा. वाहवा कोणीही कोणाचीही करतं, शाबास म्हणायला आधी वरच्या पायरीवर असावं लागतं. आणि हा अख्खा सिनेमा पायऱ्यांचाच आहे. जमीनदार बोयार वर, त्याच्यापुढे कोस्तांदिन कमरेत वाकतो, मग तोच पोरावर डाफरतो, आणि सगळ्यात खाली घोड्यावर पोत्यासारखा आडवा बांधलेला कार्फिन. पोराला त्याची दया येते, सोडून देऊ म्हणतो, पण बाप हुकमाचा ताबेदार. त्यामुळे शाबासच ठेव. नवऱ्याला समारंभ वाटला तर बरंच आहे, तसाच आत येऊन बसू दे त्याला.

निळी शाई
अर्धा कप, हे पटतंय गं. पण मग सबटायटलमध्ये ‘गुलाम’ लिहू ना? रुमानियन शब्द ‘रोब’ आहे. ग्रुपमधल्या एकाने ‘नोकर’ सुचवलं, म्हणे युरोपात कुठे गुलाम होते.

तळटीप
गुलामच लिहा, ठळक लिहा. रोमा लोक तिथे जवळजवळ पाचशे वर्षं गुलाम होते, राजाचे, मठांचे आणि बोयारांचे. विकले जायचे, आंदण दिले जायचे, देवस्थानाला दान दिले जायचे. वालाकियात शेवटची सुटका १८५६ला झाली. सिनेमातही एका पोराला जत्रेत विकतात, तो सीन विसरलात का? जुदेचं म्हणणंच ते आहे की शाळेच्या पुस्तकातला घोडेस्वार-वीरांचा इतिहास काढा आणि त्याच्या मागे कोण बांधलेलं होतं ते बघा. आणि या माणसांच्या बोलीत पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान आणि माणसाला मनुश म्हणतात. मूळ निघालेत आपल्याच उपखंडातून. आपल्याकडे जिप्सी म्हटलं की लगेच कवितेतलं मुक्त भटकं मन वगैरे.

खडूस आजोबा
आणि आपल्याला ‘युरोपात कुठे’ म्हणायचा हक्क नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याच्या नोंदी आहेत, किमतीसकट. शब्द आपल्याकडे होते, आपण ते आजीच्या शिव्यांत ढकलून दिले. ‘बटीक’ म्हणजे काय हे आज शिवी देणाऱ्यालाही माहीत नसतं.

शुद्धमती
विषय रुमानियाचा चाललाय, पेशवाई मधे आणायची गरज नव्हती. प्रत्येक धाग्यात हेच.

खडूस आजोबा
राज्यव्यवहारकोश कोणी आणला मधे?

अर्धा कप
भांडू नका. याच जुदेचा २०१८चा सिनेमा आहे, शीर्षक साधारण ‘इतिहासात आपली नोंद रानटी म्हणून झाली तरी मला फरक पडत नाही’. हे वाक्य खरंखुरं, १९४१च्या जुलैमध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत मिहाई अंतोनेस्कू बोलला होता, रुमानियाचा तेव्हाचा उपपंतप्रधान. त्याच वर्षी ऑक्टोबरात रुमानियन सैन्याने ओडेसात हजारो ज्यूंना मारलं. सिनेमात एक दिग्दर्शिका ते हत्याकांड बुखारेस्टच्या चौकात नाट्यरूपात उभं करते, तिला वाटतं लोक हादरतील, आणि जमलेले लोक चक्क टाळ्या वाजवतात. मला तर ती टाळी म्हणजेच अफेरीम वाटली.

शुद्धमती
‘रानटी’ चूक. मूळ शब्द बार्बार असणार, म्हणजे ‘बर्बर’. महाभारतात बर्बर आहेत.

तळटीप
बर्बर आज मराठीत हिंदी बातम्यांतून आलेला वाटतो. मला विचाराल तर बर्बर, बडबड, बरळणे सगळी एकाच आवाजाची पोरं, ज्याची भाषा कळत नाही तो नुसता बरबर करतो म्हणून बर्बर. ग्रीकांनीही तेच केलं. (बरळणे माझी पदरची भर आहे, लगेच कोश काढू नका.)

बंदरवाला
आमच्याकडे न कळणाऱ्या बोलण्याला ‘यंडुगुंडू’ म्हणतात. त्या सर्व्हेअरच्या दृष्टीने बर्बर मीच झालो की.

शुद्धमती
बरळणे पूर्ण वेगळं आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

निळी शाई
लिहा, वाट बघते. तोपर्यंत असं ठरवलंय, पाटीवर ‘अफेरीम!’ तसंच, आत संवादात कुठे शाबास, कुठे शाब्बास. दुसऱ्या ब चं मानधन आजोबांना. आता पुढची अडचण, कोस्तांदिनचा हुद्दा ‘झाप्चू’ आहे. मी ‘हवालदार’ लिहिलंय, चालेल ना?

तळटीप
झाप्चू!! अहो तो तुर्की ‘झप्त’वरून, म्हणजे आपलं जप्त, जप्ती. सरळ ‘जप्तीवाला’ करा.

खडूस आजोबा
जप्तीवाला बँकेचा वाटतो. जमादार कर.

शुद्धमती
हवालदार, जप्ती, जमादार, तिन्ही यावनी. ‘दंडपाल’ घ्या.

बंदरवाला
दंडपाल म्हणजे आमच्या गावात तिकीट तपासनीस समजतील.