मदत हवी आहे: उद्या बँडची मुलाखत, आणि रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ

गडबडगुंडा
उद्या एका नव्या इंडी पॉप बँडला भेटायचंय, पॉडकास्टसाठी. कार्यक्रमाआधीची ध्वनिचाचणी, म्हणजे साउंडचेक, झाला की वीस मिनिटं देतो म्हणालेत. आज चाचणी घेतली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा, वर मागे घूंऽऽ. गेन, म्हणजे माईकच्या आवाजाची पातळी, कमी-जास्त करून झाला. कोणतं सेटिंग बदलू? जरा लवकर सांगा.

खर्जातला
रेकॉर्डर कोणता? माईक डायनॅमिक की कंडेन्सर? माणसं किती?

गडबडगुंडा
साधाच रेकॉर्डर हो. माईकही साधेच, गायकांच्या हातात असतात तसले, दोन. बँडमध्ये चौघं. सेटिंगचं सांगा ना.

कॉलरवाली
चौघांना चार कॉलर माईक लावा, विषय संपला.

खर्जातला
विषय तिथेच सुरू होतो. ग्रीनरूमच्या भिंती उघड्या, चार माईक एकदम चालू. प्रत्येकाचा आवाज चारही माईकमध्ये किंचित मागेपुढे शिरतो आणि एकत्र केला की पोकळ होतो. वर जॅकेटची खसखस. शिवाय गडबडगुंडाकडे माईक दोनच आहेत! एक आपल्यासाठी, एक बँडसाठी. तोंडापासून चार बोटं. दोन माईकमधलं अंतर याच्या किमान तिप्पट.

कॉलरवाली
आणि माईक हातोहात फिरताना बोटं घासतात ते? एकदा गायकाच्या हातात गेला की बेसवाला शेवटपर्यंत गप्प.

खर्जातला
त्यांच्या हातात द्यायचाच नाही. दोन्ही माईक आपणच धरायचे.

तिसरी_घंटा
आधी वीस मिनिटं मिळणार का ते बघा. नवा बँड म्हणजे बहुधा पहिला वाजवणार. साउंडचेक बऱ्याचदा उलट्या क्रमाने होतो: मुख्य कलाकार आधी, पहिला बँड शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी मंचावर तशीच राहते. वरच्यांचं लांबलं की कात्री यांच्याच वेळेला, आणि लगेच दारं उघडतात. मॅनेजरला आजच विचारा की सामान उतरवायला किती वाजता येणार. उतरवणं आणि साउंडचेक यांच्यामध्ये ते नुसते बसून असतात, ती वेळ मागा.

आणि बँडच्या ईपीतला (चार-पाच गाण्यांच्या छोट्या अल्बममधला) तुकडा लावणार असाल तर परवानगी लेखी घ्या. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. बँडने तोंडी ‘लावा की’ म्हटलं तरी वितरकाने गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकलं असेल तर यूट्यूबवर दावा आपोआप येतो.

फोटोवाला
मंचावर एलईडी दिवे असतील तर फोटोत आडवे पट्टे येतात. ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद.

कॉलरवाली
फोटोचं कोणी विचारलंय?

पट्टीचा_वाचक
वितरक आहे तर मग इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, कसले? हल्ली गिटार जरा गोड वाजली की इंडी पॉप. ब्रिटनमध्ये १९८०पासून खपाची इंडी यादी निघायची, तिचा निकष वितरण मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेरून आहे का एवढाच होता. बाज कसा, याच्याशी संबंध नाही.

तिसरी_घंटा
अवांतराला वेगळा धागा काढा. आणि पैसे भरून घेतलेली वितरणसेवा म्हणजे लेबल (रेकॉर्ड कंपनी) नव्हे.

खर्जातला
गडबडगुंडा, रेकॉर्डरचं नाव अजून आलेलं नाही. चाचणीत तो ठेवला कुठे होता?

गडबडगुंडा
झूम एच५. टेबलावर होता, पंख्याखाली. पण बोलत तर हातातल्या माईकवरच होतो.

खर्जातला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. एच५च्या डोक्यावर स्वतःचे दोन माईक आहेत. एल/आर बटणाचा लाल दिवा चालू असेल तर तेही रेकॉर्ड होतात. विहीर म्हणजे टेबलावरून परतलेला आवाज, घूं म्हणजे पंखा. एल/आर बंद, फक्त १ आणि २ (हातातल्या माईकची बटणं) लाल. सर्वांत मोठं हसू -१२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन, लो कट (खालची घरघर कापणारी गाळणी) ८० हर्ट्झ, फाइल वेव्ह ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून माईकला जाणारी वीज) बंद; तुमचे हातातले माईक बहुधा डायनॅमिक, त्यांना लागत नाही, उगाच सेल खातं. नवे एए सेल दोन आत, दोन खिशात.

गडबडगुंडा
घूं गेलं!! पण आता मी डाव्या कानात आणि भाऊ उजव्या कानात.

खर्जातला
१ आणि २ ची स्टिरिओ जोडी लागलीय. आवाज बिघडलेला नाही. संपादनात दोन्ही मोनो करून मध्यावर आणा.

फोटोवाला
शटरचं लक्षात ठेवा.