वर्षभर एकच जंगलवाट चालायची आहे: अंजनेरी की बोरगड?

प्रश्न: गोदाकाठचा पांथस्थ

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहतो. वय ६३, बँकेतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत आहेत. गेल्या वर्षी सप्टेंबर ते फेब्रुवारी मी न्यू यॉर्क राज्यात मुलीकडे होतो. तिच्या घरापासून हॅरिमन स्टेट पार्क जवळ असल्याने जावई दर शनिवारी मला तेथील एकाच जंगलवाटेवर घेऊन जात असत. तेथे झाडांच्या खोडांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात. प्रत्येक वाटेचा रंग ठरलेला, आणि तो दिसत राहिला की आपण चुकलेलो नाही हे कळते. पहिले तीन-चार शनिवार ‘पुन्हा तीच वाट कशाला’ असे मला वाटत असे. परंतु सप्टेंबरात गर्द हिरवे असलेले रान ऑक्टोबरात पिवळे-तांबडे झाले, नोव्हेंबरात ओकची पाने घोट्यापर्यंत साचली आणि झाडी मोकळी झाल्यावर उजव्या हाताला एक तळे दिसू लागले. दोन महिने मी त्या तळ्याच्या शेजारून चालत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता परत आल्यावर तसेच काही नाशिकजवळ करावे असे मनात आहे. डोंगर चढून आल्याची नोंद करण्यात मला रस नाही. एकच झाडीतली वाट, महिन्यातून एकदा, बाराही महिने, एवढाच संकल्प आहे. ओळखीच्या लोकांना विचारले तर सर्वांचे उत्तर एकच येते, ‘पावसाळ्यात जा, बाकीच्या दिवसांत काय आहे तिथे!’ अंजनेरी आणि बोरगड या दोन डोंगरांची नावे सुचवली गेली आहेत. कोणती वाट निवडावी, कोणत्या दिवसांत काय पाहावे आणि कोठे सावध राहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: सड्यावरचा वारा

काका, मी गेली अकरा वर्षे अंजनेरीला जात आहे, त्यामुळे माझे मत तिकडेच झुकणार, हे आधीच कबूल करतो. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: अंजनेरी म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाट जंगल नव्हे. झाडी आहे ती खालच्या उतारावर आणि जैन लेण्यांच्या घळीत. पायऱ्या संपल्या की उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतो. त्यावर अंजनीमातेचे मंदिर आणि तळे, आणि त्यापुढे शेवटची चढण. माथा सुमारे ४,२०० फूट उंचीवर आहे. तुम्ही तळ्यापर्यंत जाऊन परतलात तरी वर्षाचे सर्व ऋतू तुम्हाला पाहायला मिळतील.

तुम्ही पानगळीबद्दल लिहिले आहे, म्हणून मुद्द्याचे सांगतो. तिकडची झाडे थंडीमुळे पाने गाळतात. आपली झाडे पाण्याच्या टंचाईमुळे. म्हणून आपली पानगळ दिवाळीला नसते, ती साधारण माघापासून सुरू होते आणि फाल्गुनात भरात येते. सागाची पाने वाळून मोठा आवाज करत पडतात, ऐनाचे झाड मोकळे होते, कांडोळाचे पांढरे खोड उन्हात चकाकू लागते. तुम्हाला तिकडे तळे दिसले तसे येथे फेब्रुवारीत कातळ दिसतात; पावसाळ्यात ज्या भिंतीला हात लावून आपण वर गेलो ती केवढी उंच आहे, हे तेव्हा कळते. आणि गंमत अशी की पाऊस यायला अडीच महिने असताना, विहिरी आटत असताना, झाडांना पालवी फुटते. कुसुंबाची नवी पाने इतकी लालभडक असतात की लांबून पाहणाऱ्याला तो फुलोराच वाटतो. खोल गेलेली मुळे आणि खोडात साठवलेले पाणी यांच्या बळावर ही झाडे हे करतात. कोवळ्या पानांतील तांबडे रंगद्रव्य त्यांना कडक उन्हापासून वाचवते. पळस, पांगारा आणि काटेसावर त्याच सुमारास फुललेले असतात आणि त्यांच्यावर मैना, बुलबुल, कोतवाल यांची इतकी गर्दी असते की दुर्बीण नसली तरी चालते. म्हणूनच माझे सांगणे असे की वर्षाची सुरुवात पावसाळ्यात करू नका, फेब्रुवारीत करा. आधी डोंगराची हाडे पाहून घ्यावीत, मग त्यावर हिरवे कसे चढते ते पाहावे.

एप्रिल-मेमध्ये पहाटे निघून साडेनऊपर्यंत खाली यावे. करवंदे आणि जांभळे मिळतील, पाणी मात्र वाटेत मिळेल असे धरून चालू नका. माणशी तीन लिटर घरून न्यावे. वळवाचे ढग दुपारनंतर उभे राहतात आणि उघड्या सड्यावर वीज हा सर्वांत मोठा धोका आहे. हाच नियम परतीच्या पावसालाही लागू आहे, हस्त आणि चित्रा नक्षत्रांत सकाळ निरभ्र असली तरी दुपारचा भरवसा धरू नये.

जून ते सप्टेंबरबद्दल बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इगतपुरीत तीन हजारांहून अधिक; अंजनेरी या दोहोंच्या मधल्या, पण ओल्या बाजूच्या पट्ट्यात येते. घरून निघताना रस्ता कोरडा होता म्हणून छत्री ठेवून येणारे लोक मी दरवर्षी पाहतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरताना घाई करू नये, आणि फुरसे हा विषारी साप दगडाच्या रंगात मिसळून जातो, म्हणून आधारासाठी हात ठेवण्यापूर्वी तेथे पाहून घ्यावे.

हिवाळ्यात, सूर्य वर येऊन हवा तापली की कड्यांवरून लांब चोचीची गिधाडे तरंगू लागतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने मृत गुरांमार्फत त्यांचा घात केला. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी संख्या पूर्ववत झालेली नाही. हिवाळा हा त्यांच्या घरट्यांचा काळ आहे. कड्याजवळ आरोळ्या मारून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस असणाऱ्यांना सोबत नेऊ नका, एवढी विनंती.

उत्तर २: कंदील

वरील उत्तरातील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे; केवळ पावसाळ्याबद्दल जे ‘थोडक्यात’ आटोपले आहे त्याला माझी हरकत आहे, कारण अंजनेरीबाबत सर्वांत नाजूक प्रश्न नेमका तेथेच आहे. या डोंगराच्या नावाने ओळखले जाणारे एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्रीय नोंदीत आले आणि त्याचे घर म्हणजे हाच डोंगर. वनस्पती लहान, गवतात उभी राहणारी. जमिनीत कंद, वर काही पाने, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कंदिलाच्या आकाराची फुले. या प्रजातीतील फुले बारीक माशांना आत ओढून काही काळ अडकवून ठेवतात आणि परागीभवन झाल्यावर सोडतात, ही योजना पाहिली की माणूस थक्क होतो. परंतु जे पावसाळी लोक छायाचित्रासाठी पायवाट सोडून गवतात बसतात, त्यांच्या बुटाखाली काय आले हे त्यांना कधीच कळत नाही. सोनकी आणि तेरडा यांचे गालिचे पायवाटेवरूनही तितकेच सुंदर दिसतात. पाणी झिरपणाऱ्या कातळावरची सीतेची आसवे पाहायची असतील तर तेथे गुडघ्यावर बसण्यापूर्वी गुडघा कोठे टेकतो ते पाहावे. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो उगाच नव्हे.

याच कारणाने मी तुम्हाला बोरगडाचाही विचार करण्यास सुचवेन. म्हसरूळच्या पुढे, रामशेजच्या शेजारी असलेला हा डोंगर २००८ मध्ये संवर्धन राखीव झाला आणि राज्यातील अशा क्षेत्रांत तो पहिला होता. चराई व वणवा रोखल्याने उघड्या पडलेल्या उतारावर पानझडीचे जंगल परत कसे येते, हे पाहण्यासाठी तुमची ‘दर महिन्याला एकदा’ ही पद्धत अगदी योग्य आहे. माथ्यावर हवाई दलाचे केंद्र असल्यामुळे वरपर्यंत जाता येत नाही, तसेच जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. तुमच्यासारख्या शिखराची आस नसलेल्या माणसाला याची खंत वाटू नये.

उत्तर ३: त्र्यंबकरोडकर

मी पायथ्याकडच्या एका वाडीतला. शिक्षणासाठी नाशिकला आलो, परंतु सुट्टीत अजून गुरांमागे जातो. वरच्या दोघांनी फुले-पक्षी सांगितले; मी दोन गोष्टी सांगतो, ज्या आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

पहिली गोष्ट वणव्याची. जानेवारी संपत आला की गवत वाळून पिवळे होते आणि तेथून पहिल्या पावसापर्यंत एक ठिणगी पुरेशी असते. वन विभाग त्याआधी गवताचे पट्टे जाळून जाळरेषा काढतो. काळे पट्टे पाहून ‘कोणी जंगल पेटवले’ असा समज करून घेऊ नये. चहासाठी चूल पेटवणे, विडी-सिगारेट टाकणे हे तर नकोच. कड्याला आग्या मोहोळ असते, तेव्हा धूर आणि उग्र अत्तर ही दोन्ही माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

दुसरी गोष्ट धुक्याची. आपल्या रानात झाडांवर रंगाच्या खुणा नाहीत. आश्लेषा नक्षत्रात एकदा मी शहरातील चार मित्रांना घेऊन वर गेलो. मी इथलाच म्हणून कोणाचेच लक्ष वाटेकडे नव्हते. सड्यावर ढग उतरला आणि समोरचा माणूस दिसेनासा झाला. मी तळे डाव्या हाताला धरून पायऱ्यांच्या दिशेने आत्मविश्वासाने चालू लागलो. वीस-पंचवीस मिनिटांनी आम्हाला चिखलात बुटांचे ताजे ठसे दिसले आणि ‘बघा, पुढे लोक गेले आहेत’ असे मी म्हणालो. ठसे आमचेच होते. मी सर्वांना तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालून आणली होती. मित्र अजून मला ‘वाटाड्या’ म्हणून हाक मारतात. त्या दिवशी आम्ही मंदिरापाशी तासभर बसून राहिलो, ढग वर उचलला आणि मग उतरलो. धुक्यात चालत राहण्यापेक्षा थांबणे केव्हाही बरे, कारण सड्याच्या कडा सूचना देऊन येत नाहीत. ज्यांना दर महिन्याला यायचे आहे त्यांनी कोरड्या दिवसांत वाटेवरचे ठरावीक दगड, वळणे आणि झाडे लक्षात ठेवावीत; हीच आपली रंगाची खूण.

प्रतिसाद: गोदाकाठचा पांथस्थ

सर्वांचे मनापासून आभार. पानगळ थंडीची आणि पानगळ तहानेची, हा फरक वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो; आमच्या सोसायटीतल्या झाडाखाली मार्चमध्ये पानांचा ढीग का पडतो, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. असे ठरवतो की फेब्रुवारी ते जुलै अंजनेरी, ऑगस्ट-सप्टेंबर या नाजूक दिवसांत बोरगड, आणि ऑक्टोबरपासून पुन्हा अंजनेरी. वाट एक राहिली नाही हे खरे, पण कंदीलपुष्प वाचले तर माझी हरकत नाही. सौभाग्यवती सोबत येण्यास तयार आहेत. शनिवारी सकाळी त्र्यंबकच्या बसने यावे असे म्हणतो. ते सोयीचे होईल का?

उत्तर ४: पायरी पायरी

काका, बस सोयीची आहे, अंजनेरी फाट्यावर उतरता येते. तेथून पायऱ्यांपर्यंतचा रस्ताही चालण्यात धरा, काकूंना आधी कल्पना द्या. शनिवार मात्र टाळा. मारुतीचे जन्मस्थान मानले जात असल्याने शनिवारी आणि मंगळवारी भाविकांची गर्दी असते, हनुमान जयंतीला तर विचारूच नका. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रस्ता सकाळपासूनच भरून जातो. बुधवार किंवा गुरुवार उत्तम.

काठी आणा. खाऊ पाठपिशवीच्या आत ठेवा, हातात पिशवी नको. माकडांना प्लास्टिकचा आवाज लांबून ओळखू येतो आणि ती ज्येष्ठ नागरिकांचाही मान ठेवत नाहीत. आम्ही दोघी मैत्रिणी येत्या बुधवारी साडेसहाला फाट्यावर असू. काकूंना आमच्यासोबत यायचे असेल तर तसे कळवा.