मदत हवी आहे : 'घनगर्द'नंतर काय वाचू?

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथा शाळेपासून वाचतेय. गेल्या महिन्यात हृषीकेश गुप्ते यांचं 'घनगर्द' हे भयकथांचं पुस्तक वाचलं, लागोपाठ त्यांचीच कादंबरी 'दंशकाल', आणि आता दुसरं काही हातात धरवत नाही. भुतांपेक्षा घरातल्या माणसांची, त्यांनी दडवलेल्या गोष्टींची भीती जास्त वाटली. मला भयकथेत हेच हवं असतं. (धारपांच्या कथांत दुष्ट शक्तींशी लढणारा समर्थ आला की हायसं वाटायचं, इथे तसा आधार नाही.)

रहस्यकथेत मात्र शेवटी गुन्हेगारच चार पानं सगळं समजावत बसला की विरस होतो.

गेल्या दहा वर्षांतल्या, मूळ मराठीतल्या भय किंवा गूढ कादंबऱ्या सुचवाल का? अनुवाद नकोत. मोठ्यांसाठीची मराठी अद्भुतकथा (फँटसी) कुणी वाचली असेल तर तेही नक्की सांगा, ती मला सापडतच नाहीये.