मदत हवी आहे: ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कोणता ब्राउझर टाकू?

नमस्कार मंडळी. घरातला जुना लॅपटॉप आता आईच्या ताब्यात आहे. ४ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क) नाही. दहा-बारा टॅब उघडले की पंखा गिरणीसारखा घरघरतो आणि टाइप केलेलं अक्षर सावकाश उमटतं. (टॅब बंद करायला सांगून पाहिलं. "राहू दे, नंतर वाचायचंय.")

वेगाचं एवढं नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह सगळे क्रोमियम या एकाच मूळ ब्राउझरवर बांधलेले, त्यामुळे थोडंफार डावं-उजवं असणार. खरी अडचण एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची). जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हवंच, नाहीतर आई नेमकं जाहिरातीतलं 'डाउनलोड'चं खोटं बटण दाबते! क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली) सक्तीचं केल्यापासून तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण इतक्या कमी रॅमवर तो तग धरतो का? ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय आतच असते, तेवढी पुरते का?

एजमध्ये न वापरलेले टॅब झोपवतात म्हणे. त्याने खरंच मेमरी मोकळी होते का, हे कोणी टास्क मॅनेजरमध्ये पाहिलंय?

रॅम वाढवा असं कृपया सांगू नका, ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.