दादांचा तोल जातोय अन् डॉक्टर म्हणले गव्हाची टेस्ट करा, काय संबंध?

बांधावरचा: रामराम मंडळी. अंबाजोगाईकडचा आहे. आमचे वडील, दादा म्हणतो आम्ही, वय ५६, गळ्यात माळ, आयुष्यात दारूला शिवले नाहीत आन् दीड वर्षापासून असे झुलत चालतात की पारावरचे पोरं हसतात. बांधावरून जायचं म्हणलं की पाय फाकवून टाकतात, बशी तोंडाजवळ नेईस्तोवर निम्मा चहा सदऱ्यावर. लातूरला न्यूरोच्या डॉक्टरनं टाचेला अंगठा लावून सरळ चालायला लावलं तर तिसऱ्या पावलालाच भिंत धरली. एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलाय म्हणले. बी१२, थायरॉइड नॉर्मल. आता सेलिॲकची, म्हणजे गव्हानं आतड्याला होणाऱ्या आजाराची, तपासणी लिहून दिली. पण दादांना ना जुलाब ना पोटदुखी, वजन बी आहे तेवढंच! मग गव्हाचा काय संबंध? आई म्हणती उद्यापासून चपात्या बंद. करायच्या का?

लॅबवाला_परभणी: आईला आधी थांबवा!! रक्त देईपर्यंत चपाती रोजच्यासारखी चालू ठेवा. गहू सोडला की त्यामुळं रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी (शरीराची लढाऊ प्रथिनं) उतरतात आन् रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो, मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तपासा. टीटीजी-आयजीए ही त्याच अँटीबॉडीची रक्ततपासणी, तिच्यासोबत टोटल आयजीए पण करायला सांगा, कारण आयजीए हा अँटीबॉडीचाच प्रकार काही लोकांत मुळातच कमी असतो, त्यांची टीटीजी-आयजीए वाढलेली दिसत नाही.

सडेतोड: हे सगळे नवीन फॅड. आपले आजे-पणजे गहू खाऊनच शंभरीला टेकले.

निवासी_डॉक्टर: सडेतोड भाऊ, आपले आजे-पणजे मराठवाड्यात ज्वारी खात होते, चपाती सणावाराला. आन् फॅड म्हणाल तर इंग्लंडात शेफिल्डच्या हाजीवासिलिऊ या न्यूरोलॉजिस्टच्या टीमनं १९९६ लाच लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात लिहिलंय की कारण न सापडलेल्या न्यूरोच्या पेशंटमध्ये ग्लुटेनविरुद्धच्या (ग्लुटेन म्हणजे गहू-जवातलं प्रथिन) अँटीबॉडी जास्त सापडतात. ग्लुटेनमुळं असा तोल जाण्याला ग्लुटेन अटॅक्सिया म्हणतात. ग्लुटेनमुळं शरीर ज्या अँटीबॉडी बनवतं त्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींवर उलटतात, आन् तोल, हाताचा नेम, बोलण्यातली सफाई हे सगळं त्याच पेशी सांभाळतात. पोट शांत असणं यात नेहमीचंच, दहातल्या एकालाही पोटाचा ठळक त्रास नसतो. बऱ्याच जणांची आतड्याची बायोप्सी पण नॉर्मल येते, म्हणून टीटीजी निगेटिव्ह आली तरी विषय मिटला असं समजू नका, अँटी-ग्लायडिन या ग्लुटेनविरुद्धच्या दुसऱ्या अँटीबॉडीच्या टेस्टचं डॉक्टरांना विचारा, टीजी६ नावाची पण एक अँटीबॉडी टेस्ट आहे पण ती सगळीकडं होत नाही. कधीकधी तोल न जाता नुसते झटके, नाहीतर रात्री पायांची वळवळ असंही दिसतं, त्यात लोह कमी असेल तर वळवळ जास्त. पण हेही सांगतो, लहान मेंदू आकसायची कारणं ढीगभर आहेत, काही आनुवंशिक पण. टेस्टच्या आधीच गव्हाला फाशी देऊ नका.

ज्वारीची_लेक: माझ्या सासूबाईंना हेच निघालं. गहू पूर्ण बंद केल्यावर सात-आठ महिन्यांनी पहिल्यांदा बिनधरता उंबरा ओलांडला. पूर्ण बऱ्या नाहीत, मेलेल्या पेशी परत येत नाहीत असं डॉक्टर म्हणले, पण घसरण थांबली, म्हणून उशीर करू नका. आन् एक, लै दिवस आमचं चुकत होतं ते गिरणीत. ज्वारी आमचीच पण गिरणीत आधीच्या बाईचा गहू दळलेला, त्याच जात्यातून आमचं पीठ! अँटीबॉडी खालीच येईनात. शेवटी घरघंटी घेतली. हिंग पण बघा, डबीवाल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतंय. शेवया, रवा, मैदा तर सोडाच, सातूच्या पिठात गहू आन् जव दोन्ही.

बांधावरचा: लै उपकार झाले. उद्या सकाळी रक्त देतोय, आज आईनं कुरकुर करत चपात्याच केल्या. तिचा एकच सवाल, पॉझिटिव्ह निघालं तर एकादशीला काय?

ज्वारीची_लेक: भगर, साबुदाणा, राजगिरा सगळं चालतं, फक्त पीठ घरी दळा. उपवासाचं टेन्शन नाही, टेन्शन सप्त्याच्या पंगतीचं. गव्हाची खीर आली की दादांच्या पानावर कुणी ना कुणी आग्रहानं वाढणारच, शेजारी तुम्हीच बसा.

बांधावरचा: खीर म्हणलं की आमचे दादा ऐकत नसतात ओ 😅 वाढप्यालाच सांगून ठेवतो.