पद्मिनीच्या क्रोम पट्ट्या कशा बसवू? मदत हवी आहे

वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. दोन महिन्यांपूर्वी तिला टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारून घेतला, रंग मूळचाच, फिकट क्रीम. आता बाजूच्या पट्ट्या, बॉनेटवरचं मोनोग्राम आणि वायपरखालची जाळी बसवायची राहिलीय.

अडचण अशी की पट्ट्या पत्र्याच्या भोकांत धरून ठेवणाऱ्या जुन्या क्लिपा गंजून गेल्यात. चोरबाजारातून ज्या आणल्या त्या अंमळ जाड आहेत. परवा एक दाबून बघितली तर भोकाच्या कडेचा रंग नखाएवढा उडाला, आतला पत्रा उघडा पडला. पोटात गोळाच आला! सध्या तिथे प्रायमरचा ठिपका लावून ठेवलाय.

गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी) मारा, विषय संपला." पण पावसाळ्यात पट्टीमागे पाणी साचणार, आणि मला ते पटतही नाही. क्लिपा कानशीने घासून पातळ कराव्यात का? क्लिपेखाली पातळ रबरी वॉशर कुणी वापरलाय का? पट्टीचं एक टोक किंचित वाकलंय, तेही लाकडी हातोडीने सरळ होईल का? मोनोग्रामच्या पिना ठिसूळ वाटतात, त्यामुळे ते काम हातात घ्यायची हिंमतच होत नाहीये. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.